गुहागरात राहून लाइव्ह गाणं ऐकायचंय? आधी परतीची गाडी बघा

हेडफोन नीट लावा, कारण आजचा विषय कानांचाच आहे. आणि ज्यांच्याकडे नेटवर्क दोन काड्यांच्या वर जात नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहूनही देतेय. बोलताना जसं बोलले तसंच ठेवलंय, फार इस्त्री केलेली नाही.

झालं असं की एका श्रोत्याचा मेसेज आला. तो लिहितो, “ताई, आम्ही गुहागरला शिकतो. मुंबई-पुण्याच्या पोरांचे कॉन्सर्टचे स्टेटस बघून वैताग आलाय. आमच्याकडे काही होतच नाही. लाइव्ह काही बघायचं तर काय करायचं?” त्याच्यानंतर चारच दिवसांनी एका मुलीचा मेसेज आला. ती त्याच तालुक्यातली, पण तिचं म्हणणं उलटं. “आमच्या वाडीत, बाजूच्या वाडीत सारखं काहीतरी असतं. पण मला जाता येत नाही. रात्री परत कशी येणार?”

मला हे दोन मेसेज एकत्र वाचताना गंमत वाटली. एक म्हणतो काही नाहीच, दुसरी म्हणते आहे पण पोचता येत नाही. माझं मत दुसरीच्या बाजूनं आहे. गुहागर तालुक्यात लाइव्ह गाण्याचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो रात्री साडेदहानंतरच्या गाडीचा. त्यामुळे आजचा एपिसोड म्हणजे कुठे काय बघायचं याची माहिती आहेच, पण त्याहून जास्त तो परत कसं यायचं याबद्दल आहे.

आधी त्या “काही होतच नाही” चं बघू. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. तिकिटं निघाली तेव्हा ऑनलाइन रांगेत लाखो लोक होते, आणि बहुतेकांच्या हाती काही लागलं नाही. त्या वेळी आपल्याकडचीही पोरं मोबाइल धरून बसलेली. ठीक आहे, बसा, कोणी अडवलंय. पण हिशोब करा. तिकीट, चिपळूणवरून रेल्वे, मुंबईत राहणं, आणि स्टेजवरचा माणूस दिसतो अंगठ्याएवढा, म्हणजे बघायचं शेवटी मोठ्या स्क्रीनवरच. आयुष्यात एकदा करायला मजा आहे. दर महिन्याचं गाणं ऐकणं त्याच्यावर भागत नाही.

आता आपल्याकडे या. ‘कॉन्सर्ट’ हा शब्द बाजूला ठेवा, कारण तो शब्द टाकून शोधलं तर गुहागरसाठी फोनवर काही सापडणार नाही. असं शोधा: नमन, शक्ती-तुरा, जाखडी, कीर्तन, भजन. हे शब्द टाकले की तुमच्याच तालुक्यातल्या मंडळांचे व्हिडिओ धडाधड खाली येतील. तारखा मात्र तिथे नसतात. तारखा असतात एसटी स्टँडजवळच्या बॅनरवर, शृंगारतळीच्या बाजारात, आणि वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. वर्गातल्या प्रत्येक वाडीच्या एका तरी मुलाला पकडा आणि सांगा, “तुमच्याकडे कार्यक्रम असला की बॅनरचा फोटो टाक.” एवढ्यानं तुमचं तिकीट ॲप तयार होतं.

शक्ती-तुऱ्यापासून सुरुवात करते, कारण माझा जीव त्याच्यात आहे. तुमच्यातल्या निम्म्यांनी त्याचे तीस सेकंदांचे तुकडे बघितलेत. गोल फिरणारे नाचे, रंगीत कपडे, पायात चाळ, वर लाइट. तेवढंच बघून लोक म्हणतात, हां, बाल्या डान्स. अरे, तो नाच म्हणजे अर्धी गोष्ट आहे. खरी गोष्ट मधे बसलेली असते. शाहीर, त्याचे कोरस धरणारे, ढोलकी किंवा मृदंग, झांज. समोर दुसरी पार्टी. एक शक्तीवाली, म्हणजे आदिशक्ती श्रेष्ठ म्हणणारी. दुसरी तुऱ्यावाली, म्हणजे शिव श्रेष्ठ म्हणणारी. हे भांडण आजचं नाही. कलगी आणि तुरा असे शाहिरांचे दोन पक्ष महाराष्ट्रात फार जुने आहेत. कोकणात कलगीवाल्यांना शक्तीवाले म्हणतात, एवढाच फरक.

आधी गण होतो, मग गवळण, आणि मग सवाल-जवाब. पुराणातला एखादा कोपरा धरून एक शाहीर गाण्यातच सवाल टाकतो, दुसऱ्यानं गाण्यातच उत्तर द्यायचं. काही उत्तरं घरून लिहून आणलेली असतात, पण समोरच्यानं अनपेक्षित काढलं तर तिथल्या तिथे ओळी बांधाव्या लागतात. तुम्हाला रॅप बॅटल आवडते ना? मग हे आवडलं नाही तर मला सांगा. मी पहिल्यांदा नीट बसून ऐकलं तेव्हा दीड तासानं माझ्या लक्षात आलं की शेजारचे सत्तरीचे आजोबा नाच बघतच नव्हते. डोळे मिटून फक्त शब्द ऐकत होते आणि एका ठिकाणी एकटेच हसले. काय विनोद झाला ते मला समजलंच नाही. त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी मागच्या सवालातला एक शब्द इथे कसा उलटा फिरवून परत मारला ते समजावलं. तेव्हापासून मी नेहमी म्हाताऱ्या माणसाच्या शेजारची जागा पकडते. फुकटातला मार्गदर्शक.

आता वाईटही सांगते. सगळे सामने असे नसतात. कित्येकदा सवाल-जवाब बाजूला राहतात आणि एकमेकांची उणीदुणी सुरू होतात. द्वयर्थी टोमणे, सिनेमाच्या चालीवर बसवलेलं गाणं, वर ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड एवढे मोठे की शब्दच ऐकू येत नाहीत. लोक त्यालाही शिट्ट्या मारतात. माझं स्पष्ट मत असं की शब्द ऐकू येत नसतील तर तो शक्ती-तुरा नाही, नुसता आवाज आहे. त्यामुळे कुठला शाहीर आहे ते विचारून जा. गावात चार जाणत्यांना विचारलंत तर “ह्याची कविता चांगली” आणि “तो नुसता ओरडतो” हे दोन मिनिटांत कळतं.

सिनेमाच्या चालीबद्दल थोडं. त्याच्यावर नाक मुरडायची फॅशन आहे. पण ओळखीच्या चालीवर नवे शब्द बसवणं हे आपल्याकडे कीर्तनकारांनी केलंय, नाटकवाल्यांनी केलंय, शाहिरांनी केलंय. चाल उसनी असली तरी चालतं, शब्द उसने नकोत. असो.

दुसरं म्हणजे नमन. शिमगा आणि नमन यांचं नातं तुम्हाला सांगायला नको, पालखी घरी येते तेव्हा खेळे बघतच मोठे झालात. पायघोळ झगे, मृदंग, टाळ, आणि तो काळा संकासूर, लांब टोपीवाला, ज्याला बघून लहानपणी आपण आईच्या पदराआड लपलोय. पण अंगणातले खेळे वेगळे आणि रात्रीचं पूर्ण नमन वेगळं. पूर्ण नमनात देवांना आणि गावच्या देवतांना नमन, मग गण, गवळणीत पेंद्या आणि मावशी, मग वग. म्हणजे गाणं, नाटक, विनोद, नाच, सगळं एकाच मांडवात. मावशीचं काम करणारा बापया जर तयारीचा असेल तर पोट धरून हसाल. आणि मृदंगावर लक्ष ठेवा. नमनात मृदंगवाला हा खरा सूत्रधार असतो, पात्र आत कधी येणार, कधी वळणार, ते त्याच्या थापेवर ठरतं.

हेच नमन मुंबईत तिकीट लावून होतं, बरं का. परळचं दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद होईपर्यंत तिथे कोकणातल्या मंडळांचे नमनाचे आणि शक्ती-तुऱ्याचे प्रयोग वर्षानुवर्षं होत आले. चाकरमानी रविवारचे पैसे खर्चून जे बघायला जातो, ते तुमच्या होस्टेलपासून सहा किलोमीटरवर फुकट असतं. त्या मेसेजवाल्या मित्रासाठी एवढं पुरे.

कधी असतं हे सगळं? गणपतीत जाखडी आणि शक्ती-तुरा. शिमग्यात खेळे. पण मोठा हंगाम असतो जानेवारीपासून मेपर्यंत, सार्वजनिक सत्यनारायणाच्या पूजेच्या रात्री. पूजा, महाप्रसाद, हळदीकुंकू आणि रात्री कार्यक्रम, हा ठरलेला क्रम. मे महिन्यात मुंबईकर गावात असतात तेव्हा तर एका रात्री तीन वाड्यांत तीन कार्यक्रम लागतात. अडचण एकच, आपण मुंबई विद्यापीठात, आणि दुसऱ्या सत्राच्या परीक्षा नेमक्या एप्रिल-मेमध्ये येतात. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारी हा तुमचा महिना समजा.

कीर्तनाला तुम्ही म्हातारपणाच्या खात्यात टाकलंय, ते जरा बाहेर काढा. गुहागरात व्याडेश्वर, वेळणेश्वर, हेदवीचा दशभुज गणेश, एवढी देवळं आहेत आणि त्यांचे उत्सव आहेत. महाशिवरात्र, माघी गणेशोत्सव, रामनवमी, या दिवसांत कुठे ना कुठे कीर्तन उभं असतं. नारदीय कीर्तनकार पूर्वरंगात विषय मांडतो, मध्ये बुक्का लावतात, आणि उत्तररंगात आख्यान लावतो. यातले बरेच जण रागदारी शिकलेले असतात. पेटी-तबल्याच्या साथीनं, माइक असला तरी दहा फुटांवरून, तयार गळ्याचं गाणं ऐकायला मिळतं. आणि मुख्य म्हणजे ते बहुधा वेळेत संपतं! ज्या मुलींना घरून रात्री परवानगी मिळत नाही, त्यांच्यासाठी हा सगळ्यात सोपा दरवाजा आहे. “देवळात कीर्तनाला जातेय” या वाक्याला आजवर कुठल्या आईनं नाही म्हटलंय?

आता थोडं लांब जाऊ, रत्नागिरीला. जानेवारीत थिबा पॅलेसच्या आवारात आर्ट सर्कल या संस्थेचा संगीत महोत्सव असतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा, त्याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० मध्ये त्याच्यासाठी हा राजवाडा बांधला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्या राजवाड्याच्या समोर, उघड्यावर, थंडीत, तीन संध्याकाळी शास्त्रीय गाणं आणि वादन. देशभरातले मोठे कलाकार येतात. ज्यांनी शास्त्रीय कधी ऐकलं नाही त्यांनी सुरुवातच इथे करावी असं मला वाटतं, कारण जागाच अशी आहे की पहिल्या वीस मिनिटांत राग समजला नाही तरी कंटाळा येत नाही. त्या वीस मिनिटांत फोन खिशात ठेवा मात्र. आलाप संथ असतो, आणि आपला अंगठा आपोआप स्क्रीनकडे जातो.

रत्नागिरीतच खल्वायन ही संस्था आहे, संगीत नाटकं करणारी, गाण्याच्या मैफली भरवणारी. आणि स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृह आहे. राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र तिथे असेल त्या दिवसांत जा. हौशी नाट्य स्पर्धेचं तिकीट दोन वडापावांच्या पैशांत येतं. संगीत नाटक असेल तर ऑर्गनच्या बाजूची जागा घ्या.

आता मुद्द्याचं. जायचं कसं आणि त्याहून मोठं, यायचं कसं.

रत्नागिरीला जायला दोन रस्ते. एक चिपळूणवरून, गुहागर ते चिपळूण साधारण पंचेचाळीस किलोमीटर आणि मग महामार्गानं खाली. दुसरा मोडकाआगरवरून हेदवी, तवसाळ आणि फेरीबोटीनं शास्त्रीच्या खाडीपलीकडे जयगड. दुसरा रस्ता सुंदर आहे, बोटीत गार वारा असतो, फोटो झकास येतात. पण ती बोट जाताना वापरा. रात्री महोत्सव संपल्यावर बोटीच्या भरवशावर निघू नका. धोपाव्यावरून दाभोळला जाणाऱ्या बोटीचंही तेच. दापोलीकडे कार्यक्रमाला गेलात तर शेवटची फेरी किती वाजता सुटते हे तिकीट खिडकीवर जातानाच विचारून ठेवा, नेटवर लिहिलेल्या वेळेवर जाऊ नका. रत्नागिरीच्या कार्यक्रमाला जायचं म्हणजे रात्री तिथेच मुक्काम आणि सकाळच्या एसटीनं परत, असंच ठरवा. शनिवारची संध्याकाळ निवडली तर सोमवारच्या लेक्चरला सुखरूप पोचता. मैत्रिणीची आत्या, मित्राचा मामा, कोणी ना कोणी रत्नागिरीत असतंच. आणि मुलींनो, १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ते पैसे गजरा-भजीला वापरा.

बाइकवरून ट्रिपल सीट रात्री दोन वाजता घाटातून येण्याबद्दल मी काही बोलणार नाही, कारण तुम्ही ऐकणार नाही. फक्त एवढं सांगते की जागरण करून पहाटे तीन-चारला गाडी चालवणारा माणूस प्यायलेला नसला तरी डुलक्या खात असतो. कार्यक्रमाच्या वाडीतच पहाटेपर्यंत बसा. मांडव असतो, चहा असतो, सतरंजी असते. पहिली एसटी घ्या. सकाळचं पहिलं लेक्चर बुडेल, बुडू दे.

वाडीतल्या कार्यक्रमाला जायचं तर वाडीतल्या माणसाबरोबर जा. हा नियम मुलांनाही लागू आहे. अनोळखी चार मुलं रात्री अकरा वाजता मांडवात येऊन मागे उभी राहिली की गावकऱ्यांचं लक्ष स्टेजवर राहत नाही, त्यांच्यावर राहतं. तेच वर्गमित्राच्या घरी संध्याकाळी पोचलात, त्याच्या आईच्या हातचं जेवलात, पूजेला नमस्कार केलात, तर तुम्ही पाहुणे. पुढच्या सतरंजीवर बसवतात. मुलींसाठी तर याला पर्याय नाही. मैत्रिणीच्या घरी मुक्काम, तिच्या घरच्यांबरोबर मांडवात, सकाळी परत. तुमच्या घरी आधी तिच्या आईचा फोन गेला पाहिजे, तुमचा नाही. हे मी हसत सांगतेय, पण मी स्वतः होस्टेलला असताना याच एका फोनमुळे मला दोन सामने बघायला मिळाले. त्याच होस्टेलमधल्या ज्या मुलींची गुहागरात कोणी मैत्रीण नव्हती, त्यांना तीन वर्षांत एकही बघायला मिळाला नाही. साडेसातला गेट बंद. आणि मुलांच्या होस्टेलचं गेट? ते बंद व्हायचं, पण भिंत कमी उंचीची होती आणि ती तशीच राहिली.

इथे मला जरा थांबायचंय. आपण म्हणतो की तरुण पोरं लोककलेकडे पाठ फिरवतात. पोरं म्हणजे कोण? निम्म्या पोरांना, म्हणजे पोरींना, तिकडे तोंड करायचीच सोय नाही. पूर्वी नमनात बाईचं काम पुरुष करायचा, आता मुली स्वतः स्टेजवर उभ्या राहतात, बायांची मंडळं निघालीत, शक्ती-तुऱ्यात बाया गातात. स्टेजवर जाण्याइतकी मोकळीक आली आणि मांडवात बसून बघण्याची नाही, हे अजबच आहे.

त्याच्यावर माझ्याकडे एक उपाय आहे आणि तो अवघड नाही. रात्री जाता येत नसेल तर कार्यक्रम दिवसा कॉलेजात आणा. गुहागरात खरे-ढेरे-भोसले महाविद्यालय आहे, वेळणेश्वरला इंजिनीअरिंग कॉलेज आहे. दोन्हीकडे सांस्कृतिक विभाग असणार, वार्षिक कार्यक्रम असणार, आणि विद्यापीठाच्या युवा महोत्सवाची तयारी असणार. त्या महोत्सवात लोकनृत्य आहे, लोकसंगीत आहे. तयारीसाठी आपण काय करतो? यूट्यूब बघून स्टेप बसवतो. त्यापेक्षा तालुक्यातल्या एका नमन मंडळाला दुपारी दोन वाजता बोलवा. दीड तासाचं नमन, मग अर्धा तास मृदंगवाल्याला आणि मावशीला प्रश्न. मंडळातली माणसं दिवसा कामावर असतात, म्हणून रविवार किंवा सुट्टीचा दिवस धरा. मानधन आधी स्पष्ट बोला, गाडीभाडं वेगळं, जेवण तुमच्याकडे. “पोरांसाठी करा की फुकट” असं कोणी म्हणालं तर त्याला डीजेचं मागच्या गॅदरिंगचं बिल दाखवा.

परवानगीचं पण सांगते, कारण कोणीतरी प्राचार्यांसमोर अडकणार. लाउडस्पीकरसाठी पोलिसांची परवानगी लागते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. सणासुदीला राज्य सरकार बारा वाजेपर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षाला पंधरा दिवसांच्या वर नाही. रात्रभर चालणाऱ्या कार्यक्रमांना हा नियम जड जातो, त्यामुळे बरीच मंडळं हल्ली लवकर सुरू करून आटोपतं घेतात. जुनी माणसं कुरकुरतात. मला विचाराल तर मुलींच्या दृष्टीनं हे बरं झालंय. दुपारच्या कार्यक्रमाला तर हा प्रश्नच येत नाही.

आवाजाचं निघालंच आहे तर, बॉक्सच्या समोर बसू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये संगीताच्या जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली. आपल्याकडे मांडवात कोणी मोजत नाही, आणि चार बॉक्स एकावर एक रचून ठेवलेले असतात. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर तुम्ही जास्त जवळ बसला होतात. बाजूला, पंधरा-वीस पावलं मागे बसा. शब्दही तिथेच नीट ऐकू येतात.

आता फोन. तुमच्या हातात तो असणारच. गाण्याचा एखादा तुकडा स्वतःसाठी रेकॉर्ड केलात तर हरकत नाही. पण अख्खा सामना रेकॉर्ड करून स्वतःच्या चॅनेलवर टाकणं ही वेगळी गोष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्या कलाकाराचा हक्क वेगळा मानलाय, त्याच्या संमतीशिवाय सादरीकरण असं पसरवता येत नाही. कायदा जाऊ दे, साधी गोष्ट बघा. शाहीर वर्षभर बसून नवीन सवाल बांधतो. पहिल्याच सामन्याचा पूर्ण व्हिडिओ रात्री यूट्यूबवर गेला की पुढच्या सामन्यातला प्रतिस्पर्धी सकाळी उत्तर लिहायला बसतो. सवालातली हवाच जाते. शिवाय व्ह्यूज तुमच्या चॅनेलला, शाहिराला काय? विचारा. बुवांना जाऊन सांगा, “काका, दोन मिनिटांचं टाकू का, तुमचं आणि मंडळाचं नाव घालून?” बहुतेक जण आनंदानं हो म्हणतात, वर नंबरही देतात. तोच नंबर पुढच्या कार्यक्रमाची तारीख कळायला उपयोगी पडतो.

बक्षीस द्यायचं विसरू नका. गाणं आवडलं की लोक स्टेजकडे एकावन्न, एकशे एक रुपये पाठवतात, आणि माइकवरून नाव पुकारलं जातं. विद्यार्थ्यांनी पाच जणांत मिळून एकावन्न दिले तरी चालतं. नाव सांगताना कॉलेजचं सांगा. पूर्ण मांडवाला कळतं की कॉलेजची पोरं ऐकायला आलीत, आणि शाहीर पुढचं कडवं जरा तुमच्याकडे बघून म्हणतो. नुसतं हार्ट पाठवून हे होत नाही.

आणखी थोडं खाली सिंधुदुर्गात गेलात तर डबलबारी भजनं आणि दशावतार आहेत. त्याच्यावर वेगळा एपिसोड करायचाय, आज हात घालत नाही. ज्यांचं आजोळ कुडाळ-सावंतवाडीकडे आहे त्यांनी मला आवाजी मेसेज पाठवा.

आता पहिल्या मेसेजवाल्या मित्रा, तुझ्यासाठी काम. येत्या रविवारी शृंगारतळीच्या बाजारात एक चक्कर मार आणि दिसतील तेवढ्या बॅनरचे फोटो काढ. आणि दुसऱ्या मेसेजवाल्या मैत्रिणी, तुझ्या वर्गातल्या पाच मुलींची नावं लिहून एक अर्ज कर, सांस्कृतिक विभागाच्या सरांना किंवा मॅडमना. विषय: महाविद्यालयात दुपारच्या वेळी नमनाचा प्रयोग ठेवण्याबाबत. तारीख जानेवारीची सुचव, परीक्षा लांब असते आणि मंडळांची तालीमही तेव्हा चालू असते. अर्जाची पोच घे. त्यावर काय उत्तर आलं ते मला कळव, “नाही” आलं तरी कळव, त्या “नाही” ची कारणं आपण पुढच्या एपिसोडमध्ये वाचू.

चला, भेटू पुढच्या शुक्रवारी.